इंदूरच्या उन्हात अ‍ॅक्सोलॉटल पाळायचाय? आधी खोली बघा, टँक नंतर

ओळखीतल्या मुलांकडून मला सध्या एकच प्रश्न येतो, "मावशी, तो गुलाबी वाला पाळायचाय, टँक केवढा घेऊ?" मुलांचा काही दोष नाही, २०२१ मधे माइनक्राफ्ट गेममधे अ‍ॅक्सोलॉटल (जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलामँडर, म्हणजे बेडकांचा शेपटीवाला नातेवाईक) आला आणि तेव्हापासून तो हसरा चेहरा आणि ते पिसांसारखे कल्ले सगळ्यांना घरात हवेत. आईबाप पण तयार असतात, कारण कुत्रा नको, मांजर नको, हे बिचारं काचेत राहील, आवाज नाही केस नाही. दुकानवाला तर अजूनच सोपं करून टाकतो, "दीदी, कुछ नी लगता, बस पानी बदलते रेना."

लागतं ना. खूप लागतं. पण ते टँकच्या साइजपासून सुरू होत नाही. मी उलटं विचारते, तुमच्या घरात मे महिन्यात दुपारी चार वाजता सगळ्यात थंड खोली कुठली आणि तिथे किती डिग्री असतं? ह्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. कूलर चालू असतो एवढं सांगतात.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्या-कालव्यांतला. गंमत अशी की नकाशात ती जागा जवळजवळ आपल्या मुंबईच्याच अक्षांशावर येते, म्हणजे पट्टा उष्णच, पण समुद्रसपाटीपासून साधारण २२४० मीटर वर असल्यामुळे पाणी बारा महिने गार. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, आपण शब-ए-मालवाचं कितीही कौतुक करू, पण रात्री हवा सुटली म्हणून टँकचं पाणी काही १८ वर येत नाही. आणि अ‍ॅक्सोलॉटलला हवं असतं साधारण १६ ते १८, २० पर्यंत ठीक, २४ च्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की त्याचं खाणं सुटतं, अंगावर कापसासारखी बुरशी धरते आणि मग घसरणच. बहुतेक न्यूट (ह्याच कुळातले छोटे भाईबंद) आणि सॅलामँडरांचं गणित थोड्याफार फरकाने हेच आहे. मासे पाळलेल्या माणसाला हे पचत नाही, कारण तो हिवाळ्यात हीटर लावायच्या सवयीचा असतो, इथे हीटर नावाची वस्तू घरात आणायचीच नाही.

म्हणून खोली. वरच्या मजल्यावरची खोली बाद, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, खिडकीसमोर तर नकोच, ऊनही लागतं आणि शेवाळंही माजतं. आमचं घर लोकमान्य नगरातलं जुनं, जाड भिंतींचं, त्यात खालची मागची खोली उत्तरेकडची, तिथे टँक आहे. ती खोली खरं तर सासूबाईंची दुपारी आडवं व्हायची जागा होती, अजूनही आहे, पण आता तिथे एसी २३-२४ वर चालतो आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे एसी पालीसाठी आहे हो, आम्ही आपले आश्रित." मी म्हटलं अहो आई, पाल नाहीये ती. तर म्हणाल्या, "बरं, पाणपाल."

आता फॅनचं. हे नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. टँकच्या पाण्यावरून छोटा पंखा फिरवला, कॉम्प्युटरमधे असतात ते बारा व्होल्टचे, जेल रोडवर अडॅप्टरसकट मिळतात, तर पाण्याची वाफ होते आणि पाणी खोलीपेक्षा तीन-चार डिग्री खाली उतरतं. माठाचं तत्त्व, दुसरं काही नाही. पण माठ कधी गार करतो? हवा कोरडी असेल तेव्हा. आपल्याकडे एप्रिल-मे मधे हवा खडखडीत कोरडी, फॅन झकास चालतो, पण खोलीच ३३ वर असेल तर चार डिग्री उतरून सुद्धा पाणी २९, म्हणजे उपयोग शून्य. मग लोक काय करतात, खोलीत कूलर लावतात. कूलर स्वतः पाणी उडवूनच हवा गार करतो, खोलीत दमटपणा भरतो, आणि दमट हवेत टँकवरच्या फॅनचा जोर निघून जातो. म्हणजे कूलर आणि फॅन एकमेकांच्या मदतीला येत नाहीत, पाणी खोलीच्या तापमानाच्या आसपास येऊन अडकतं आणि तुम्ही म्हणता दोन-दोन गोष्टी लावल्या तरी का उतरत नाही. एसीचं उलटं आहे, तो हवा कोरडी करतो, त्यामुळे एसीच्या खोलीत फॅन जुलै-ऑगस्टच्या चिकचिकाटात पण चांगला चालतो. २४ च्या खोलीत पाणी २०-२१ ला येतं. मे मधे नुसत्या फॅनवर अ‍ॅक्सोलॉटल निघेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅक्वेरियम चिलर. तो टँकच्या कितीतरी पट महाग, आणि फ्रीजसारखाच मागून गरम हवा फेकतो, म्हणून बंद कपाटात कोंबायचा नाही, नाहीतर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि कॉम्प्रेसर रडतो. पण एकदा लावला की आकडा सेट करा आणि विसरा. रोज दिवसभर एसी चालवायच्या बिलाशी तुलना करून बघा, काही घरांत चिलर स्वस्त पडेल, विशेषतः जिथे त्या खोलीत माणूस बसतच नाही.

आणि ते बर्फाच्या बाटल्यांचं. फ्रीझरमधे पाण्याच्या बाटल्या गोठवून टँकमधे सोडायच्या, हे सगळीकडे वाचायला मिळतं, आमच्याही फ्रीझरमधे असतात, मटारच्या पिशव्यांमागे. पण त्या बिजली गेली तर, एसी बिघडला तर, अशा वेळेला. रोजचा उपाय म्हणून नाही, कारण तासाभरात पाणी चार-पाच डिग्री खाली आणि संध्याकाळी परत वर, हा झोपाळा त्या जिवाला स्थिर २२ पेक्षा जास्त त्रास देतो.

फॅनचा अजून एक हिशोब. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. मे मधे पाण्याची पातळी उतरलेली डोळ्याला दिसते, आणि तिथे परत नळाचं पाणी ओतत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालायची. आठवड्याला जे पाणी बदलतो ते मात्र साधं, प्रक्रिया केलेलं. नुसत्या आरओवर टँक भरायचा नाही, अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणी आवडतं, आणि इथे एकदाचं आपल्या बोअरिंगच्या पाण्याचं नशीब उघडतं, जे पाणी आपल्या केसांची आणि गीझरची वाट लावतं ते त्याला चालून जातं. पीएच साडेसात-आठच्या मधे असलं तरी ठीक.

आपल्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावसाळ्यात तर वास येण्याइतका. तो ह्यांच्या कातडीला आणि कल्ल्यांना जाळतो, म्हणून डीक्लोरिनेटर टाकल्याशिवाय एक मग पण नाही. बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरीन उडतो हे खरं आहे, पण क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो असा उडत नाही, तेव्हा चार थेंब औषधाचे टाकायला कंजूषी कशाला. आणि गच्चीवरची काळी टाकी! उन्हाळ्यात दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही, ते पाणी थेट टँकमधे गेलं तर विषय संपला. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, त्या दिवशी पहाटे बादल्या भरून टँकच्याच खोलीत ठेवते, औषध घालून, दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचं आणि टँकचं तापमान सारखं झालेलं असतं, मग बदलते.

आता टँक. एका मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला, म्हणजे जो २०-२५ सेंटिमीटर होतो, कमीत कमी ७५ लिटर, पण मी म्हणेन तीन फुटी घ्या. ९० बाय ४५ सेंटिमीटरचा तळ आणि ३५ सेंटिमीटर पाणी धरलं तर १४० लिटर होतात. उंची नको, लांबी-रुंदी हवी, तो तळावर चालणारा प्राणी आहे, उंच टँक फक्त आपल्या ड्रॉइंगरूमला शोभतो. मोठ्या टँकचा खरा फायदा असा की पाणी जास्त म्हणजे ते तापायलाही वेळ जास्त घेतं, आणि घाणही पातळ होते. वजनाचा विचार करा, १४० लिटर म्हणजे पाणीच १४० किलो, वर काच, वर स्टँड, तेव्हा प्लायवुडच्या टीव्ही युनिटवर नाही. आम्ही लोखंडी अँगलच्या स्टँडवर कडप्पा टाकला, त्यावर थर्मोकोलची शीट, त्यावर टँक. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचेला बाहेरून थर्मोकोल चिकटवलं, दिसायला गणपतीच्या मखरासारखं दिसतं खरं, पण गारवा टिकतो.

तळाला रंगीत खडे अजिबात नकोत. अ‍ॅक्सोलॉटल खाताना तोंड उघडून पाण्यासकट घास ओढतो, त्यात खडा गेला की पोटात अडकतो. एकतर तळ मोकळा ठेवा नाहीतर एकदम बारीक रेती, एक मिलिमीटरपेक्षा बारीक, भरपूर धुवून. मोकळ्या काचेवर त्याचे पाय घसरतात, म्हणून मला रेतीच बरी वाटते, फक्त शी रोज दिसली की मोठ्या ड्रॉपरने उचलायची. लपायला जागा दोन तरी हव्यात. त्याला पापण्या नसतात, उजेड मिटता येत नाही, हे लक्षात ठेवलं की लाइटचा सगळा शौक आपोआप कमी होतो. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या कवट्या आणि किल्ल्यांपेक्षा कुंभाराकडची न रंगवलेली कुंडी आडवी करून ठेवा, किंवा प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, कडा पॉलिशपेपरने घासून. कुंडीच्या तळाचं भोक मात्र बघा, छोटं पिल्लू त्यात डोकं घालतं आणि अडकतं.

फिल्टर स्पंजचा. जोराचा प्रवाह ह्यांना सोसत नाही, कल्ले पुढे वळवून आणि शेपटीचं टोक गुंडाळून बसलेला दिसला तर समजा पाणी त्याच्या अंगावर मारतंय, किंवा पाण्यातच काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे दोन स्पंज फिल्टर एका एअर पंपावर आहेत आणि तो पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर, कारण जूनच्या वादळात झाड तारेवर पडलं की बिजली कधी येईल सांगता येत नाही.

पण टँक भरला की प्राणी आणायचा असं नाही. पाण्यात घाणीपासून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरमधे वसायला चार ते सहा आठवडे, गार पाण्यात अजून जास्त. तोपर्यंत रिकाम्या टँकमधे चिमूटभर माशाचं खाणं टाकत राहायचं, सडू द्यायचं, आणि थेंबांच्या टेस्ट किटने बघत राहायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय, अशी वेळ आली की टँक तयार. आपल्याकडे हे जास्त काटेकोर हवं, कारण पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. उन्हाळा आणि बोअरिंग, दोन्ही आपल्याच वाट्याला. भरीला गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी. म्हणजे एकाच वेळी तीन बाजूंनी मार, आणि दुकानवाला म्हणतो पानी बदलते रेना.

माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो पण मी तोच देते. टँक आत्ता लावा, सगळं भरा, फॅन-एसी जे काय करायचं ते करा, आणि एक पूर्ण उन्हाळा तो रिकामा चालवा. पाण्यात डिजिटल थर्मामीटर, रोज दुपारी चारला आकडा लिहायचा, मुलांनाच लिहायला लावा, सुट्ट्याच असतात. मे संपेपर्यंत आकडा २१-२२ च्या वर गेला नाही तर दिवाळीनंतर प्राणी आणा, समोर चार महिने थंडीचे, त्यालाही बरं आणि तुमचाही हात बसतो. आकडा गेला तर त्या टँकमधे गप्पी सोडा, त्यांना काही फरक पडत नाही. अ‍ॅक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षं जगतो, त्यात एक उन्हाळा थांबणं म्हणजे काहीच नाही.

न्यूटबद्दल थोडक्यात. लाल-काळ्या पोटाचे चिनी न्यूट कधीमधी दिसतात, त्यांचं तापमान १५ ते २० च्या आसपास, टँक छोटा चालतो पण झाकण मोठ्या टँकपेक्षा घट्ट हवं. ओल्या अंगाने ते सरळ उभ्या काचेवर चढतात, आणि बाहेर पडलेला न्यूट पलंगाखाली वाळलेला सापडतो. फॅन पण हवा आणि झाकण पण, तर मच्छरजाळीची चौकट बनवा, वेल्डिंगवाल्याकडून किंवा नुसत्या अल्युमिनियमच्या पट्ट्यांत, आणि फॅन जाळीच्या वरून. अर्ध्या पाण्यात वर यायला तरंगता कॉर्क किंवा दगडाचा उतार, भरपूर जावा मॉस, आणि मनी प्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडलेल्या, त्या नायट्रेट पण खातात. ह्यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, हात लावायचा नाही, लागला तर साबणाने धुवायचा. स्पॅनिश रिब्ड न्यूट मिळाला तर तो त्यातल्या त्यात दणकट, थोडी गरमी सोसतो, आणि पकडलं तर स्वतःच्या बरगड्या कातडीतून काट्यांसारख्या बाहेर काढतो, एवढ्यावरून त्याचा स्वभाव समजून घ्या. दोन जाती एका टँकमधे कधीच नाही, अ‍ॅक्सोलॉटलबरोबर मासे पण नाही. एकतर मासा कल्ले कुरतडतो नाहीतर अ‍ॅक्सोलॉटल मासा गिळतो.

जमिनीवरचे, टायगर सॅलामँडर वगैरे, इथे नका पाळू असंच माझं मत. त्यांचं घर खरं तर बांधायला सगळ्यात मजेचं. खाली निचऱ्याला खडीचा थर, वर जाळी, त्यावर १०-१५ सेंटिमीटर माती आणि कोकोपीटचं मिश्रण, कोकोपीट खतवालं नको आणि दोन-तीन पाण्यांनी धुतलेलं हवं कारण त्यात मीठ असतं, वर आंब्याची किंवा जंगली बदामाची वाळकी पानं, झाडाच्या सालीचा तुकडा, एका बाजूला जास्त ओल एका बाजूला कमी. तो त्यात बिळं करून राहतो, दिसतो कमी. पण इथे पाण्याचा मोठा साठा नाही, टँकला फॅन किंवा चिलर लावता येतो तसं मातीला काही लावता येत नाही, पूर्ण खोलीच बारा महिने १८-२० वर ठेवायची. आणि पेटी गच्च बंद केली तर हवा कोंदते, उघडी ठेवली तर एसी माती वाळवून टाकतो. पचमढीला घर असेल तर करून बघा.

बाकी एक गोष्ट जी परदेशी माहितीत फारशी सापडत नाही. डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, हे सगळं त्या खोलीत बंद. ह्या प्राण्यांची कातडी ब्लॉटिंग पेपरसारखं सगळं शोषते, आणि एअर पंप खोलीची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो हे विसरू नका. देवघर शेजारी असल्यामुळे उदबत्तीचा प्रश्न आमच्याकडे रीतसर चर्चेला आला होता, शेवटी सासूबाईंनी निरांजनावर समेट केला आणि धूप फक्त अंगणात. हातावर सॅनिटायझर असेल तर पाण्यात हात घालायचा नाही.

कायद्याचं पण बघा. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स (CITES) ह्या दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, म्हणून घेताना बिल आणि कागद मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आपल्या देशातला हिमालयन सॅलामँडर, दार्जिलिंगकडे जोरपोखरी अभयारण्य ज्याच्यासाठी ओळखलं जातं तो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो कोणी "आणून देतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या. आणि कंटाळा आला म्हणून सिरपूरच्या तळ्यात किंवा यशवंत सागरात सोडायचं तर नावच काढू नका, दोन्ही २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. सोडलेला प्राणी उन्हाळ्यात मरेलच, पण त्याच्या अंगावरची बुरशी तिथल्या बेडकांना लागली तर ती परत घेता येत नाही.

गावाला जाताना शेजारी किल्ली देऊन जाते. मोठा अ‍ॅक्सोलॉटल काही दिवस न खाता मजेत राहतो, तेव्हा काकूंना एवढंच सांगते की खायला काही घालू नका, तो कितीही बघत बसला तरी घालू नका, फक्त थर्मामीटरचा फोटो रोज पाठवा आणि २३ दिसले तर लगेच फोन करा, बाटल्या मटारच्या मागे आहेत.